मोरूचा थोरला भाऊ

रविवार, २४ नोव्हेंबर १९७४

आलो बाई एकदाचे भिवंडीत. ट्रकवाल्याने आमची भांड्यांची मांडणी इचलकरंजीपासून इथवर उलटी बांधून आणली, तरी एक कपबशी फुटली नाही. घर लाभणार, असं मी यांना सांगून टाकलं. हे म्हणाले, कपबश्या आहेतच किती आपल्याकडे? यांना शुभ बोललेलं सोसत नाही.

यांना धामणकर नाक्याजवळच्या एका लूम कारखान्यात माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरची नोकरी लागली आहे आणि घर मिळालं टेमघरला. मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे पडवी, मग माजघर, आत स्वयंपाकघर आणि कोपऱ्यात मोरी. स्वयंपाकघरात इतका अंधार की भरदुपारी मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. भिंतींचे पोपडे हाताने सोलता येतात. दुसरी एखादी रडत बसली असती. मला मात्र असलंच घर हवं होतं. तयार घरात आपण करायचं काय, नुसतं राहायचं? इथे हात चालवायला जागा आहे. खर्च मात्र जपून करायचा, असं यांनी बजावलं आहे, आणि जपून खर्च करून घर सजवणं हीच तर माझी हौस. रोज काय काय केलं ते लिहून ठेवावं म्हणून ही वही काढली.

घर चिंधू म्हणून एका शेतकऱ्याचं. त्याची जमीन लूमच्या शेडसाठी गेली. आता दिवाळी झाली की बायकोपोरासकट खाडीकडच्या वीटभट्टीवर राहायला जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो. घराचं काय हवं ते करा, फक्त खर्च मला सांगू नका, असं त्याने मोकळेपणी सांगितलं. त्याची बायको गुणाबाई. कडेवर वर्षाचा मोरू. गुटगुटीत, पाय सारखे चालू. माझ्याकडे आला आणि माझं मंगळसूत्र तोंडात घालून बसला. परत देताना मला जरा जड गेलं, ते जाऊ दे.

निघताना गुणाबाईने मला स्वयंपाकघरात नेलं. तिथल्या कोनाड्यात कुंची घातलेलं काहीतरी निजवून ठेवलेलं. मला वाटलं देव असेल, बघते तर वरवंटा. बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्याभोवती फिरवतात ते आमच्याकडेही आहे. पण आमच्याकडे बारसं आटोपलं की तो परत पाट्यावर जातो आणि चटणी वाटायला लागतो. या लोकांचं निराळं. गुणाबाईची आधीची दोन मुलं नाव ठेवायच्या आतच गेली. म्हणून मोरूच्या बारशाला तिच्या सासूने आधी हा वरवंटा पाळण्यात घातला, त्याचं नाव मोरू ठेवलं आणि मग तेच नाव पोराला दिलं. जे काही घरावर यायचं ते थोरल्याने अंगावर घ्यावं, धाकट्याला वाचवावं. पोर पाच वर्षांचं झालं की थोरल्याला खाडीत सोडायचं. तोवर बारसं झालेल्या घरातून त्याला बाहेर न्यायचं नाही, म्हणून आता तो माझ्या हवाली.

सोमवारी तेलाचं बोट. दूध तापलं की एक थेंब. भुईवर ठेवायचा नाही. कुंची असते तिकडे डोकं, निमुळत्या बाजूला पाय, आणि डोकं नेहमी उजेडाकडे. मी हसू दाबून सगळ्याला मान डोलावली. हा दगड पडलाबिडला तर, असं सहज विचारलं, तेव्हा तिचा चेहराच बदलला.

"दगड म्हनू नका, ताय. मोऱ्याचा थोरला भाव हाय तो."

मला वाईट वाटलं. तिचा हात धरून मी सांगितलं की तुमचा थोरला माझ्या घरात उपाशी राहायचा नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

आज जाग आली ती शांततेने. इथे शुक्रवारी लूम बंद असतात. बाकीच्या दिवशी घरामागच्या शेडमधली खटखट भिंतींतून, जमिनीतून अंगात येते आणि मांडणीवरचे कप किणकिणत असतात. मी इचलकरंजीची, मला त्या आवाजात झोप छान लागते. आज तो नव्हता तर कान रिकामे रिकामे वाटले.

पण कामं काय झाली आहेत म्हणता. भिंतींचे पोपडे खरवडून शेणमातीने खड्डे बुजवले. चुन्यात नीळ आणि डिंकाचं पाणी घालून दोन हात दिले. डिंकामुळे चुना अंगाला लागत नाही. दाराभोवती गेरूच्या फुलांची चौकट काढली, आणि ती कशाने, तर भेंडी आडवी कापून तिच्या ठशांनी. पाच पाकळ्यांचं फूल आयतं उमटतं. उरलेल्या भेंड्यांची भाजी केली. हे म्हणाले, भिंत जास्त चवदार झाली आहे.

स्वयंपाकघरावरचं एक कौल काढून यांनी काचेचं कौल बसवलं. दुपारी उजेडाचा चौकोन थेट चुलीजवळ पडतो. कारखान्यातून डागी कापडाचे तुकडे मिळाले, त्यांचे पडदे शिवले. डाग आले तिथे पानं भरली. मोटरच्या खोक्याची फळी झाली. शेजारच्या आनंदीबाई रोज एकदा येऊन बघून जातात आणि म्हणतात, तुम्ही आमच्यात आधी का नाही आलात.

सोमवारी तेलाचं बोट राहिलं. दुधाचा थेंब पहिले दोन दिवस दिला, मग तेही विसरले. चुना देताना त्या कोनाड्यातून वरवंटा उचलून खाली ठेवावा लागला. भुईवर नाही, पाटावर ठेवला. म्हणजे आधी भुईवर, मग आठवण झाल्यावर पाटावर.

रविवार, ८ डिसेंबर

ओटा झाला. माझा ओटा, माझ्या हातचा.

इतकी वर्षं उकिडवं बसून स्वयंपाक केला. शहरातल्या बायका उभ्याने करतात, कंबर दुखत नाही, काम चटाचट होतं. मला तसाच ओटा हवा होता. गवंडी परवडणारा नाही आणि सिमेंट परमिटशिवाय मिळत नाही. कारखान्यात नव्या लूमचा पाया भरला, त्यातलं अर्धं पोतं उरलं ते हे शेठना विचारून घेऊन आले. अर्ध्या पोत्यात ओटा कसा व्हायचा? पण जिथे नुसतं पोट भरायचं आहे तिथे सिमेंट कशाला? बाहेरून विटांच्या भिंती, आत दगड, विटांचे तुकडे, फुटक्या कौलांच्या खापऱ्या, त्यावर पातळ कालवलेला माल ओतायचा, आणि वर शहाबादी फरशी. फरशी कोपरा उडालेली घेतली, कोपरा भिंतीत जाईल असा बसवला. कोणी सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

हे आज ड्युटीवर होते. फरशी मी आणि आनंदीबाईंनी मिळून चढवली आणि त्या घरी गेल्या. बघते तर पुढची कड डुगडुगते आहे. अगदी मी उभी राहणार तिथेच खाली पोकळी राहिलेली. फरशी पहारीने थोडी उचलून आत लांबट, गोल दगड सारायला हवा होता. घमेल्यातला माल आवळत, घट्ट होत चाललेला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पाटावर तो होता.

कुंची काढली आणि आत सारला. थापीने दोन ठोके दिले तर असा बसला, जसा मापाने घडवलेला. वरून माल भरला, तोंड लिंपून घेतलं. फरशी हलायची थांबली.

हे आले तेव्हा मी ओट्यावर चढून उभी होते. हे बघतच राहिले. म्हणाले, बाईमाणसाने केलं असं कोणाला खरं वाटणार नाही. वरवंट्याचं मी बोलले नाही. विषयच निघाला नाही.

बुधवार, ११ डिसेंबर

ओट्यावर पाणी मारते आहे, रोज तीन वेळा. सुकला की कंबर सरळ ठेवून पहिली भाकरी थापणार.

आज निजामपुऱ्याच्या बाजारात गेले होते. पाटेवाल्याकडून एक वरवंटा घेऊन आले. बरेच उलटेपालटे करून तसाच निमुळता शोधला. घरी येऊन त्याला तेल चोळलं, काजळीचा हात फिरवला म्हणजे जुना दिसेल, आणि कुंची घालून कोनाड्यात निजवला. डोकं उजेडाकडे. दुधाचा थेंबसुद्धा दिला. खऱ्यापेक्षा याचीच जास्त बडदास्त ठेवते आहे मी.

दगडासारखा दगड. गुणाबाईच्या मनाला समाधान मिळालं की झालं. तरी बाजारातून येताना पिशवी पदराखाली धरली होती, हे खरं.

रविवार, २२ डिसेंबर

गुणाबाई बाजाराला आली होती, तशी इकडे डोकावली. मी चहा उभ्याने केला आणि तिने ओट्याचं तोंड भरून कौतुक केलं. फरशीवरून हात फिरवला. कडेपाशी आल्यावर हात थोडा थांबल्यासारखा वाटला. मलाच वाटलं असेल.

मग कोनाड्याकडे गेली. थोरल्याला दोन्ही हातांत घेतलं, छातीशी धरलं. म्हणाली, हा हलका लागतो. मी चटकन म्हटलं, आमच्या हातचं खात नसेल तुमचा थोरला, आईची सवय. ती हसली. मीही हसले. असली थट्टा मला कशी सुचते कोण जाणे.

मग ती मोरूचं सांगायला लागली. तो आता रांगत नाही. एका जागी बसवला की तिथेच बसतो. कडेवर घेऊन बाजारापर्यंत येताना तिला तीनदा खाली टेकावं लागलं. अंगाने तर वाढलेला दिसत नाही. मी त्याला घ्यायला हात पुढे केले आणि घेतल्याबरोबर माझे हात खाली गेले. पाय गार होते. थंडीचे दिवस आहेत, भट्टीवर उघड्यावर राहतात, असं मी म्हणाले.

"ह्यो हलका झालाय नि मोऱ्या जड व्हतोय," ती म्हणाली, कोणाला सांगत नव्हती, नुसती म्हणाली.

ती गेल्यावर मी भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

शुक्रवार, २७ डिसेंबर

सकाळी लूम बंद. सगळीकडे चिडीचूप. मी ओट्याशी कणीक मळत होते. कप किणकिणत होते.

आधी लक्षातच आलं नाही, इतकी सवय झालेली. मग हात थांबले. लूम बंद आहेत. मागच्या शेडला कुलूप आहे, मी खिडकीपाशी जाऊन बघितलं. तरी कप किणकिणत होते. कान फरशीला लावला. आत ठक, ठक, ठक. लूमची खटखट कडक असते, इकडून तिकडे आपटणाऱ्या धोट्याची. हे मऊ होतं.

फरशी उबदार होती. स्टो अजून पेटवलाच नव्हता. काचेच्या कौलातलं ऊन पडतं म्हणून असेल, म्हणून जिथे ऊन पडत नाही तिथे हात लावला. तिथे गार. मी उभी राहते तिथे, कडेला, ऊब. अंगाला असते तेवढी.

हे म्हणाले, सिमेंट सुकताना गरम होतंच. सुकून कधीच झालं आहे, हे मी यांना सांगितलं नाही.

शनिवार, ४ जानेवारी १९७५

दूध तापवून ओट्यावर ठेवलं, वर जाळीचं झाकण, झाकणावर वाटी. पाणी आणायला गेले आणि आले. वाटी जागच्या जागी, झाकण जागच्या जागी, पातेलं कोरडं. मांजर असतं तर साय तरी मिशांना लागली असती. पातेल्याखालची फरशी ओली होती आणि बाकीच्या फरशीपेक्षा गुळगुळीत.

आता मी रोज दूध तापलं की कडेला थोडं सांडते. कोणी बघत नाही असं बघून सांडते. ते झिरपतं. शहाबादी फरशीत दूध झिरपत नसतं.

आधी जो एक थेंब द्यायचा होता तो मला जड झाला होता.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

हळदीकुंकू ठेवलं होतं, बायका ओटा बघायला म्हणूनच आल्या. आनंदीबाईंनी सगळ्यांना माझा हात धरधरून दाखवला, या हातांनी केला म्हणून. मला हात मागे घ्यावेसे वाटत होते.

गुणाबाईला मी मुद्दाम निरोप धाडला होता. मोरूचं बोरन्हाण मी करीन म्हटलं. काळ्या कापडाचं झबलं शिवलं, हलव्याचे दागिने केले. त्याच्यासाठी काहीतरी केल्याशिवाय मला राहवत नव्हतं. खरं करायला हवं होतं ते एकच होतं आणि ते सोडून बाकी सगळं मी केलं.

मोरूला चिंधूने आणला, खांद्यावर गोणी आणावी तसा. पाटावर बसवला तेव्हा पाट करकरला. डोळे उघडे, समोर बघत होता. बायकांनी गाणं म्हटलं आणि मी मापट्यात चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे घेऊन त्याच्या डोक्यावरून ओतले.

बोरं टणाटण उडाली. अंगणातल्या जात्यावर पडावीत तशी वाजली. एक बोर उघड्या डोळ्यावर आपटलं आणि पापणी हलली नाही. बायकांचं गाणं मध्येच तुटलं. मग कोणीतरी म्हणालं, धीट आहे हो पोर. सगळ्या घाईघाईने वाण घेऊन निघाल्या.

गुणाबाई थांबली. चिंधूला तिने बाहेर पाठवलं. कोनाड्यातला घेऊन आली, कुंची मागे सारली आणि माझ्यासमोर धरला.

"ताय, त्योच हाय ना ह्यो?"

सांगायचं होतं. पण फरशी उखडावी लागेल, सगळ्यांना कळेल, हे काय म्हणतील, असं सगळं एकदम डोक्यात आलं. आणि मी मोरूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तोच आहे, शपथ.

डोकं शहाबादीसारखं गार होतं.

शुक्रवार, १७ जानेवारी

लूम बंद. ठक, ठक चालू. मी माजघरात बसून लिहिते आहे, स्वयंपाकघरात पाय ठेववत नाही.

सकाळी ओट्याला पोट टेकवून उभी होते. सवयीने. पोटातल्या मुलाची लाथ आतून लागते म्हणतात. मला कधी लागली नाही. आज बाहेरून लागली. फरशीच्या कडेतून, बेंबीखाली, बारकीशी.

आणि मी लगेच बाजूला झाले नाही. हे लिहिताना लाज वाटते. थोडा वेळ मी तशीच उभी राहिले.

खरं लिहिते. त्या दिवशी अंगणात दगड होते. दार उघडून चार पावलं गेले असते तर मिळाला असता. माल आवळत होता ही सबब आहे. मला ते कुंचीतलं बाळ कोनाड्यात नको होतं. माझ्या घरात एक नाही, आणि दुसरीच्या पोराच्या दगडाला मी दूध पाजायचं, तेल लावायचं? कुंची काढताना मला बरं वाटलं होतं. थापीचे ठोके गरजेपेक्षा जास्त दिले.

गुणाबाईने माझ्यावर विश्वास टाकला, तो मी लिंपून टाकला. यांना संध्याकाळी सांगणार आहे.

रविवार, १९ जानेवारी

सांगितलं नाही. परवा धीर झाला नाही, काल हे दमून आले होते.

मंगळवार, २१ जानेवारी

चिंधू येऊन गेला. दारातूनच बोलला. मोरू दूध घेत नाही. तोंडच उघडत नाही. डॉक्टरकडे नेला तर सुई आत जाईना, वाकली. डॉक्टरांनी नुसतं बाहेर जाऊन हात धुतले.

भट्टीवरचे लोक कुजबुजतात. गुणाबाई झोपत नाही, त्याला तेल चोळत बसते. चोळून मऊ होईल म्हणते.

माझ्या ओट्यावर आज दोन वेळचं दूध गेलं. आत हसल्यासारखं—नाही. ते मी लिहिणार नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

यांना सांगितलं. सगळं, शपथेसकट. मला वाटलं ओरडतील. ओट्यापाशी गेले, फरशीवर हात ठेवला, आणि ठेवलेला हात काढून धोतराला पुसला. म्हणाले, उद्या सुट्टी आहे, उद्या फोडू. गुणाबाईला आणवतो.

मग म्हणाले, तू अशी नव्हतीस.

शुक्रवार, २४ जानेवारी

लूम बंद. ऊन बरोबर ओट्यावर आलं आहे.

बैलगाडीतून आणला मोरूला. दोघांनी मिळून उतरवला. गुणाबाई उंबऱ्याशी बसली आहे, मांडीवर त्याचं डोकं, बाकी अंग जमिनीवर, मांडी तेवढा भार सोसत नाही. मी तिच्या पायावर डोकं ठेवून सगळं सांगितलं. मला मारावं असं वाटत होतं. ती एवढंच म्हणाली, फोडा.

फरशी यांनी आणि चिंधूने उचलली. खालचं भरण दगड झालं आहे. अर्धं पोतं सिमेंट, कुठून एवढं कडक झालं? पहार बसेना. मोठी छिन्नी आणि हाताला सवय असलेला माणूस हवा म्हणून दोघं गवंड्याला आणायला निजामपुऱ्यात गेले. थांबा म्हणाले. पण आतली ठक ठक सावकाश व्हायला लागली. एक होते, मग बराच वेळ नाही, मग एक. मी घरातली छिन्नी घेतली.

विटा निघाल्या. खापऱ्या निघाल्या. कडेशी आले. एक घाव घातला आणि मागून गुणाबाई म्हणाली,

"हळू, ताय. लागतंय त्याला."

वळून बघितलं. मोरूच्या खांद्यावर पांढरा टवका उडालेला, दगडावर उडतो तसा. छिन्नीचं टोक ओलं. पदराने पुसलं तर पदर लाल.

छिन्नी धरवत नाही. थोडं थांबते आहे, लिहिते आहे म्हणजे हात ताब्यात राहतील. गुणाबाई सांगते थांबू नका, आत कोंडतोय. आता बोटभर सिमेंट राहिलं आहे. ऊन लागावं तसं गरम. वर हात ठेवला की खालून दाबतं काहीतरी. नाजूक. जिवंत. मी मारलं तर—न मारलं तर—

ठक झालं आत्ता. मग नाही. अजून नाही.

तिने कुंची काढून माझ्या हातात दिली आहे. विचारते आहे, रडत नाही, नीट विचारते आहे,

"ताय, डोकं कुठल्या बाजूला ठेवलंत? पायाकडून फोडा."

मला आठवत नाही. मी बघितलंच नव्हतं. कुंची काढली आणि कसाही सारला, ठोकून बसवला, डोकं—डावीकडे होतं की उजवीकडे—निमुळतं टोक—

ती वाट बघते आहे. सांगायला हवं. एक बाजू सांगायला हवी. ठक नाही अजून. मी म्हणते उजवीकडून. उजवीकडे पाय असतील. असतील ना? छिन्नी टेकवली आहे. खाली मऊ लागतं, इथे टाळूसारखं—